फरारी गाउचो, दादरा आणि लग्नाचा दाखला

मे महिन्यात माझ्या पियानोच्या डिप्लोमा परीक्षेचा निकाल लागला. त्यानंतर ओळखीतल्या तिघींनी एकच प्रश्न विचारला, की चाळिशी उलटल्यावर, नोकरी आणि घर सांभाळून, ठाण्यात राहून हे कसं जमवलंस? तिघींनाही फोनवर तुटक उत्तरं दिली. म्हणून आता तारखा, खर्च आणि चुका यांच्यासकट सगळं लिहून काढते आहे.

लहानपणी मी माटुंग्याला पियानो शिकले आणि 1996 मध्ये पियानोच्या परीक्षांतली शेवटची, आठवी ग्रेड पास झाले. मग बीकॉम, बँकेची परीक्षा, 2002 मध्ये लग्न होऊन पाचपाखाडीला येणं, मुलगी, बदल्या. पियानो सुटला तो सुटलाच. 2021 मध्ये 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला, 62 हजार रुपयांना. पहिलं वर्ष फक्त बोटं सैल करण्यात गेलं. जून 2023 मध्ये ठरवलं की एक मोठी परीक्षा द्यायची, कारण तारीख डोक्यावर नसेल तर मी रोज बसत नाही, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे.

मुंबईत पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा म्हटल्या की ट्रिनिटी आणि एबीआरएसएम ही लंडनची दोन मंडळं आधी आठवतात. नियम दोघांचेही बदलत असतात, त्यामुळे मी खाली लिहिते तो फक्त माझा अनुभव समजा. फॉर्म भरण्याआधी चालू वर्षाचं नियमपुस्तक डाउनलोड करून दोनदा वाचाच. माझ्या परीक्षेत साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम वाजवायचा होता, बराचसा मंडळाच्या यादीतला आणि थोडा स्वतःच्या निवडीचा. सगळं एकाच सलग व्हिडिओत रेकॉर्ड करून पाठवायचं.

ऑगस्टमध्ये वाशीच्या टीचर मिळाल्या. एक शनिवार सोडून एक, दर वेळी एक तास, 1,200 रुपये. ठाणे स्टेशनवरून ट्रान्सहार्बर लाइनने वाशी, तिथून रिक्षा, त्यामुळे कुर्ल्याला गाडी बदलण्याची दगदग वाचली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुला वाजवायचंय काय? परीक्षेला काय चालेल ते नंतर बघू." मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, जिनास्तेरा.

अल्बेर्तो जिनास्तेरा हे अर्जेंटिनाचे संगीतकार, जन्म 1916, ब्युनोस आयरेसचे. बरेच जण स्पॅनिश पद्धतीने ‘हिनास्तेरा’ म्हणतात, पण घराणं मूळचं कॅटलान असल्याने त्यांना स्वतःला ‘जि’ हाच उच्चार पसंत होता. 1937 मध्ये, एकविशीच्या आसपास, त्यांनी पियानोसाठी तीन अर्जेंटिनी नृत्यं लिहिली. पहिलं म्हाताऱ्या गुराख्याचं, दुसरं एका डौलदार मुलीचं, तिसरं फरारी गाउचोचं. गाउचो म्हणजे तिथल्या पाम्पा गवताळ मैदानांवर घोड्यावरून गुरं राखणारे लोक. तिन्ही मिळून जेमतेम आठ मिनिटांचं संगीत आहे, पण तिसऱ्याची साडेतीन मिनिटं अंगातलं सगळं बळ मागतात.

कोणतीही खरी लोकधून उचलून तिच्यावर साज चढवलेला नाही, ही गोष्ट मला या रचनेत सगळ्यात जास्त आवडते. लोकसंगीताची चाल, ठेका आणि गिटारचा आवाज त्यांनी आतून घेतला आणि सूर स्वतःचे लिहिले. आपल्या या सुरुवातीच्या काळाला ते पुढे ‘वस्तुनिष्ठ राष्ट्रीयता’ म्हणत. पहिल्या नाचाच्या शेवटाकडे एक सुटा सुटा वाजणारा स्वरसमूह येतो, पाश्चात्त्य स्वरनावांत सांगायचं तर: मी, ला, रे, सोल, सी, मी. या गिटारच्या सहा मोकळ्या तारा आहेत. पियानो वाजता वाजता कोणीतरी कोपऱ्यातली गिटार उचलून नुसती छेडावी, तसं वाटतं. टीचरनी हे दाखवलं त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मी त्या सहा स्वरांशिवाय दुसरं काही ऐकूच शकत नव्हते.

आधी कागदाची गोष्ट. लिस्ट किंवा शोपँ या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकारांची नोटेशन्स इंटरनेटवर कायदेशीररीत्या फुकट मिळतात. जिनास्तेरा यांचं तसं नाही. ते 1983 मध्ये गेले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे 2043 संपेपर्यंत पुस्तक विकतच घ्यायचं. मुंबईत धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात चौकशी केली, तिथे शिल्लक नव्हतं. शेवटी परदेशातून मागवलं. टपालखर्चासह 2,650 रुपये आणि 24 दिवसांची वाट. पुस्तक अगदी पातळ आहे, हातात आल्यावर एवढ्याचे एवढे पैसे, असं वाटतं. तरी मूळ प्रतच घ्या, कारण स्वतःच्या निवडीच्या रचनेचं पहिलं पान मला रेकॉर्डिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर धरून दाखवावं लागलं.

ऑक्टोबर 2023 मध्ये पहिला नाच घेतला. यात उजवा हात पूर्ण वेळ पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डावा पूर्ण वेळ काळ्यांवर. कागदावर हे सोपं दिसतं. वाजवताना मात्र दोन्ही हात एकमेकांच्या अंगावर येतात, कारण काळ्या पट्ट्या उंच आणि मागे, पांढऱ्या खाली आणि पुढे. डावा हात उजव्याच्या वर ठेवायचा की खाली, हे प्रत्येक ओळीत ठरवून पेन्सिलीने लिहावं लागलं. मी लिहिलं नाही त्या दोन ओळी शेवटपर्यंत कच्च्या राहिल्या. कानालाही हे संगीत आधी बोचतं. दोन हातांचे सूर जुळत नाहीत, आणि ते जुळू नयेत हीच त्यातली गंमत आहे. आठवडाभरात कान सरावला आणि पुढे मला तेच ताजं वाटू लागलं.

हेडफोन लावून रात्री वाजवायचे, त्यामुळे कोणाला त्रास होत नसेल अशी माझी समजूत होती. नोव्हेंबरमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "अगं, रात्री तुमच्याकडे कोणी पोळपाट आपटतं का?" डिजिटल पियानोचा आवाज बंद करता येतो, पण पट्ट्यांचा ठोका स्टँडमधून जमिनीत उतरतो आणि खालच्या छतातून ऐकू येतो, हे तेव्हा कळलं. व्यायामाच्या जाड रबरी चटया आणल्या, 2,400 रुपयांच्या. दोन थर केले, त्यावर प्लायवूड, त्यावर स्टँड. मग काकूंना वर बोलावून वाजवून दाखवलं आणि त्यांच्या घरी जाऊन मुलीला वर वाजवायला लावलं. आवाज खूपच कमी झाला होता. तरीही रात्री साडेनऊनंतर वाजवायचं नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला तो आजपर्यंत पाळते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे पहिल्याच आठवड्यात करून टाकावं. तक्रार सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेली की माणसं दुखावतात.

दुसरा नाच जानेवारी 2024 मध्ये सुरू केला. संथ आहे, नोटेशन वाचायला सोपा आहे, आणि मला तिन्हींत तोच जवळचा आहे. डावा हात एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, जात्यासारखी, आणि तिच्यावर उजव्या हाताची चाल ओवीसारखी येते, थांबते, परत येते. माझी आजी पहाटे दळताना गायची ते मी अगदी लहानपणी ऐकलं आहे. ओव्या आठवत नाहीत, पण जात्याची घरघर कधी घाई करत नसे, हे आठवतं. टीचर म्हणायच्या, डावा हात मागे पडू दे पण धावू देऊ नकोस. मी ते जात्याच्या आठवणीवरच शिकले.

एप्रिलमध्ये तिसरा नाच उघडला. पहिल्याच ओळीवर लिहिलं आहे ‘फुरिओसामेन्ते’, म्हणजे खवळून. पुढे ‘हिंसक’, ‘चावरा’, ‘रानटी’ अशा अर्थाच्या सूचना येतात. सुरुवातीला दोन्ही हात खालच्या सुरांत जवळजवळच्या स्वरांवर घुमत राहतात, मग जाडजूड स्वरसमूहांचे घाव, आणि शेवटी पट्ट्यांवरून सरसर वर नेलेली एक घसरण. मी जे करायला नको होतं तेच केलं. पहिल्या दिवसापासून जोरात वाजवलं. रोज दीड तास, बँकेतून आल्यावर, थकलेल्या हातांनी.

जुलैत उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओढ लागायला लागली. आधी वाजवताना दुखायचं, मग की-बोर्डवर टाइप करताना, मग कुकरचं झाकण उघडताना. बारा दिवस मी कोणाला सांगितलं नाही. त्या बारा दिवसांत भीती वाटली ती परीक्षेची नव्हती, नोकरीची होती. नौपाड्यात फिजिओथेरपिस्ट गाठली. आठ बैठका, प्रत्येकी 600 रुपये, आणि तीन आठवडे पियानो बंद. तिने मला वाजवतानाची पोज करून दाखवायला सांगितली आणि लगेच म्हणाली, की बाक खाली आहे, कोपर पट्ट्यांच्या पातळीखाली जातं आहे. बाकाखाली दोन इंचाच्या फळ्या सरकवल्या. तिने नुसते व्यायाम दिले नाहीत, तर दर वीस मिनिटांनी उठायचं हे घड्याळ लावून पाळायला लावलं. दुखत असेल तर त्याच दिवशी थांबा आणि दाखवा. माझे ते बारा दिवस वाया गेले आणि बरं व्हायला त्याहून जास्त लागले.

हात बरा झाला तरी तिसरा नाच वाजत नव्हता. स्वर बरोबर, बोटं बरोबर, पण ऐकताना नुसती आदळआपट. टीचरनी मालाम्बोचे व्हिडिओ बघायला सांगितले. मालाम्बो हा गाउचो पुरुषांचा नाच. त्यात गाणं नाही, जोडीदार नाही, फक्त पाय. गिटार आणि बोम्बो नावाचा मोठा ढोल यांच्या साथीवर टाच, चवडा, घोट्याची बाजू यांनी जमीन वाजवायची. एकाने एक पदन्यास करायचा, दुसऱ्याने त्याला मागे टाकेल असा करायचा. अर्जेंटिनातल्या लाबोर्दे या छोट्या गावात याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. मी ते रात्री उशिरापर्यंत पाहत बसले. कमरेच्या वर माणूस जवळजवळ स्थिर असतो आणि खाली पायांचं वादळ सुरू असतं. हे पाहून मला एवढं नक्की कळलं की माझ्या खांद्यांत जे चाललं होतं ते सगळं चुकीच्या जागी होतं. पण ठेका अजून सापडला नव्हता.

तो सापडला गणपतीत. 7 सप्टेंबर 2024 ला घरी गणपती बसले. सासरे 81 वर्षांचे, तरुणपणापासून भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे. आता बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पण त्या दिवसांत ढोलकी बाहेर निघतेच. दुसऱ्या दिवशी दुपारी आरत्या, पाहुणे सगळं आटोपल्यावर मी स्पीकरवर तिसऱ्या नाचाचं पहिलं पान वाजवत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तू मोजतेस काय?" त्यांनी विचारलं.

"सहा मोजते, बाबा."

"सहा कसे? तीन-तीन, की दोन-दोन-दोन?"

मला उत्तर देता आलं नाही. कागदावर सहा-आठचं माप आहे, मी एक ते सहा आकडे मोजत होते आणि प्रत्येक आकड्यावर सारखाच घाव घालत होते. बाबा खाली बसले, ढोलकी मांडीवर घेतली आणि दादरा धरला: धा धीं ना, धा तीं ना. तीन-तीन. मग म्हणाले, आता हेच तोंडाने म्हण आणि पायाने एक, तीन, पाचवर टाच मार. तोंडात तीन-तीनचे दोन गट, पायात दोन-दोनचे तीन गट. मी म्हणायला लागले की पाय अडायचा, पाय चालला की बोल चुकायचे. पाहुण्यांची मुलं हसून हसून तेच करायला लागली आणि त्यातल्या एका सात वर्षांच्या मुलीला माझ्या आधी जमलं.

अर्जेंटिनाच्या लोकनृत्यांचं हेच मूळ आहे. सहाच्या मापात कधी दोनचा जोर, कधी तीनचा, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी, एक गिटारमध्ये आणि एक पायात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, टीचरनीही सांगितलं होतं. अंगात मात्र उतरलं नव्हतं. गौरी-गणपतींचं विसर्जन होईपर्यंत मी पियानोला हात लावला नाही. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, लिफ्टची वाट पाहताना बोल म्हणायचे आणि टाच मारायची. पाचव्या दिवशी ते अचानक जमलं आणि मग सुटलं नाही.

त्यानंतर नव्याने सुरुवात केली, या वेळी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर लावून आणि अगदी हळू आवाजात. डावी टाच जमिनीवर. दर सहा दिवसांनी चारने वाढवायचं, एखाद्या दिवशी चुकलं तर आठने खाली यायचं. जानेवारीत 132 पर्यंत पोचले. छापलेली लय याच्या बरीच वर आहे, तिथे मी पोचले नाही. टीचर म्हणाल्या, ठेका ठाम राहतोय ना, मग तिथेच थांब. जोर फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत चढवला. हात पुन्हा दुखला नाही. कार्यक्रमातल्या बाकीच्या रचना, हायडनचा सोनाटा आणि ब्राम्सची दोन इंटरमेझो, यांच्यावर इथे लिहीत नाही. त्या नीट बसल्या, फारसं नाट्य घडलं नाही.

आता ज्याने सगळ्यात जास्त झोप उडवली तो भाग. 9 जानेवारी 2025 ला ऑनलाइन फॉर्म भरला. आठव्या ग्रेडचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. ते 1996 चं, माहेरच्या नावाचं. आधार आणि पासपोर्ट सासरच्या नावाचे. नऊ दिवसांनी मेल आली की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचा अधिकृत पुरावा पाठवा. माझ्याकडे लग्नाची पत्रिका होती, अल्बम होता, पण नोंदणीचा दाखला नव्हता. 2002 मध्ये तो काढायचं आमच्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं. परीक्षेची नोंदणी बंद व्हायला सहा आठवडे उरले होते आणि दोन वर्षांची मेहनत एका दाखल्यावर अडली होती. त्या रात्री मी रडले.

मग महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात विवाह नोंदणीची चौकशी केली. आम्हाला जे लागलं ते असं: नमुना ‘ड’चा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, लग्नविधीचा एक फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. आमचे गुरुजी आता हयात नाहीत, त्यामुळे त्या जागी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. उशिराचा दंड भरला. पहिल्या फेरीत एका साक्षीदाराच्या आधारवरचा पत्ता आणि अर्जावरचा पत्ता जुळेना, म्हणून परत यावं लागलं. ती चूक आमची होती, मी घरी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या फेरीत तिन्ही साक्षीदार, नवरा आणि मी असे पाच जण अर्धा दिवस रजा टाकून गेलो. साक्षीदारांत माझी धाकटी नणंद होती, ती म्हणाली की तेवीस वर्षांनी पुन्हा लग्नाला आल्यासारखं वाटतंय. नोटरी, झेरॉक्स, स्टॅम्प, दंड सगळं धरून 1,400 रुपये लागले. 20 फेब्रुवारीला दाखला हातात आला. मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल अशी भीती होती, पण माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही लिपींत असल्याने तो चालला. 4 मार्चला नाव मंजूर झालं.

माझ्यासारख्या बायका ठाण्यात हजारो असतील, ज्यांची लहानपणीची प्रमाणपत्रं एका नावाची आणि आताची ओळखपत्रं दुसऱ्या नावाची. परीक्षा कोणतीही असो, फॉर्म भरायच्या सहा महिने आधी दोन्ही समोरासमोर ठेवून बघा. मधल्या नावाचं स्पेलिंगसुद्धा.

रेकॉर्डिंग खऱ्या पियानोवर करायचं हे आम्ही आधीच ठरवलं होतं. डिजिटलवर तिसऱ्या नाचाचे घाव एका मर्यादेनंतर वाढतच नाहीत. नेरुळला एक खासगी हॉल मिळाला, लहान ग्रँड पियानोसह, तासाला 1,500 रुपये. सरावासाठी दोन-दोन तासांच्या तीन फेऱ्या केल्या, त्या अत्यावश्यक होत्या. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जड लागल्या, पेडल खोल लागलं, आणि पहिल्या फेरीत सगळं शिकलेलं विसरल्यासारखं झालं. तिसऱ्या फेरीत हात जागेवर आले. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी ट्यूनरला बोलावलं, 3,500 रुपये. पैसे वाचवायचे असतील तर इतर कुठेही वाचवा, इथे नको.

23 मार्च, रविवार, सकाळी 9 ते 1. रविवारी मेगाब्लॉकची धास्ती असते, म्हणून ट्रेनच्या भरवशावर न राहता टॅक्सी केली. हॉल सकाळचाच घ्यावा, कारण दहानंतर रस्त्याचे हॉर्न वाढतात आणि आसपास कुठे ना कुठे ड्रिल सुरू होतं. कॅमेरा बाजूने, असा की चेहरा, दोन्ही हात आणि पेडलवरचे पाय एकाच वेळी दिसतील. मुलीने फोन तिवईवर लावला, तो फ्लाइट मोडवर टाकला, जागा मोकळी केली. सुरुवातीला नाव आणि कार्यक्रम सांगायचा, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, निवडीच्या रचनेचं पहिलं पान दाखवायचं, आणि मग अर्धा तास एकही कट नाही.

पहिल्या वेळी मी ओळखपत्र दाखवायला विसरले आणि हायडनच्या मध्यावर ते आठवलं. थांबले. दुसऱ्या वेळी एसी बंद होता, घामाने बोटं सरकली आणि पहिल्या नाचात गिटारच्या तारांच्या अगदी आधी माझी स्मृती कोरी झाली. दोन सेकंद काहीच नाही. तिसऱ्या वेळेआधी आम्ही वीस मिनिटं एसी पूर्ण जोरात लावला, मग बंद केला, हात पुसले, थोडा गूळ खाल्ला. घड्याळात सव्वाअकरा. त्या वेळी ब्राम्समध्ये एक स्वर चुकला, गाउचोमध्ये दोन मोठे स्वरसमूह सपशेल चुकले, पण ठेका कुठेही हलला नाही. शेवटची घसरण झाल्यावर पेडल सोडलं आणि मुलीकडे पाहिलं. तिने तोंडावर हात दाबून धरला होता, आवाज रेकॉर्ड होऊ नये म्हणून. चौथी वेळ घेण्याइतका वेळ होता. मी घेतली नाही, हातात ताकद नव्हती.

घरी येऊन पूर्ण व्हिडिओ दोनदा पाहिला, सुरुवात आणि शेवट कापला गेला नाही ना, हे तपासलं. फाइल मोठी होती, अपलोड पहिल्यांदा अर्ध्यावर तुटलं. रात्री एक वाजता पुन्हा लावलं आणि पहाटे पोचलं. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

परीक्षेची फी दर वर्षी आणि विनिमयदराप्रमाणे बदलते, म्हणून तो आकडा देत नाही. फी, प्रवास आणि आधी घेतलेला डिजिटल पियानो सोडून माझा खर्च साधारण 73 हजार रुपये झाला. त्यातले 43 हजार शिकवणीचे, वीस महिन्यांचे. एकदम गेले नाहीत म्हणून पेलवले.

निकाल 16 मे ला मेलवर आला. पास. गुण मधले आहेत. परीक्षकांनी पहिल्या नाचात डावा हात उजव्याला झाकतो असं लिहिलं होतं, ते खरं आहे, त्याच दोन ओळी. दुसऱ्याची लय आवडल्याचं लिहिलं होतं. तिसऱ्याबद्दल लिहिलं होतं की काही घाव चुकले, तरी ठेक्याची पकड शेवटपर्यंत राहिली.

संध्याकाळी बाबांना हे मराठीत सांगितलं. त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. त्यांना टीव्हीवर मोठा करून दिला. हायडन आणि ब्राम्स त्यांनी डोळे मिटून ऐकले. गाउचो सुरू झाल्यावर चष्मा लावला, पुढे सरकून बसले आणि साडेतीन मिनिटं पियानोच्या खाली, माझ्या डाव्या टाचेकडे बघत राहिले. त्यांच्या मांडीवर त्यांची बोटं चालू होती.